लहान भांड्याची थंडी

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडेल, याची मला जाणीव आहे. बीअर आंबविण्याचा किंवा मोहाची दारू गाळण्याचा छोटा उद्योग काढणाऱ्या माणसाला हिवाळ्यात काय सोसावे लागते, याविषयी मी बोलणार आहे. मी स्वतः मद्य घेत नाही. ज्या खातेगावात माझे सारे आयुष्य शिक्षकीत गेले, तेथून नेमावरचा नर्मदाघाट थोड्याच अंतरावर आहे. नर्मदेच्या काठापासून पाच किलोमीटरांच्या आत मद्याचे दुकान नसावे, हा निर्णय मध्यप्रदेश शासनाने २०१७ साली अमलात आणला, तेव्हा समाधान मानणाऱ्यांत मीही होतो. दारूने धुळीस मिळालेली घरे मी वर्गातील मुलांच्या चेहऱ्यांवरून ओळखलेली आहेत. तेव्हा मद्याची थोरवी गाणे हा माझा हेतू नव्हे. परंतु आंबविणे ही एक विद्या आहे, तिच्यात सजीवांशी गाठ असते, आणि तिच्या निमित्ताने लहान उद्योगाविषयी एक गोष्ट मला उमगली. ती आपल्यापुढे ठेवावी, एवढाच हेतू आहे.

माझा एक जुना विद्यार्थी इंदुरास नोकरी करीत होता. ती सोडून त्याने रीतसर परवाना काढला आणि लहानशी बीअरशाळा सुरू केली. पाचपाचशे लिटरांच्या तीन टाक्या, जव शिजविण्याचे एक पातेले, एक शीतयंत्र आणि डोक्यावर कर्ज, असा त्याचा संसार. इंदूर-बैतूल रस्त्याने घाट उतरून तो संक्रांतीला घरी आला, तेव्हा तिळगूळ घेऊन माझ्याकडेही आला. चेहरा उतरलेला होता.

“सर, बारा दिवस झाले, टाकी हलायला तयार नाही,” तो म्हणाला.

“पारा किती असतो?”

“खोलीत पहाटे नऊ, टाकीत तेरा. दुपारी खोली पंचवीसपर्यंत चढते, टाकी पंधराच्या वर जात नाही. घनतामापक चार दिवस एकाच रेघेवर उभा आहे.”

घनतामापक म्हणजे दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरच्या जातीची काचेची नळी. गोड द्रवात ती वर तरंगते आणि साखर संपत जाईल तशी खाली उतरते. ती उतरेनाशी झाली, याचा अर्थ साखर तशीच उरली आहे आणि काम करणारे काम सोडून निजले आहेत. यापूर्वीची एक टाकी तर त्याला गटारात सोडावी लागली होती. ती आंबट झाली होती.

हे काम करणारे कोण, हे माणसाला फार उशिरा कळले. हजारो वर्षे माणूस जव, द्राक्षे, मध आणि मोहाची फुले आंबवीत आला, पण आंबविणारा कोण, याची त्याला दाद नव्हती. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे सजीवांचे काम आहे, असे दाखवून दिले. १८७६ साली त्याचा बीअरवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला. पुढे १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढविले. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय बुरशी. ती साखर खाते, आणि तिच्यापासून मद्यार्क व कर्बवायू होतात. गव्हाला किंवा ज्वारीला जसा आपापला हंगाम मानवतो, तसेच यीस्टच्या वाणांचे आहे. ज्या वाणापासून एल नावाची बीअर होते, त्याला साधारण अठरा ते बावीस अंशांची ऊब लागते. लागर नावाची बीअर करणारा वाण आठ ते तेरा अंशांतही संथपणे काम करतो. माझ्या विद्यार्थ्याच्या टाकीत पहिला वाण होता, आणि बाहेर माळव्यातला पौष होता.

थंडीमुळे यीस्ट मरत नाही, ते मंद होते. धोका या मंदपणातच आहे. यीस्ट जोमाने कामाला लागले म्हणजे ते साखर भराभर संपविते, द्रव आम्ल करते, मद्यार्क वाढविते, आणि मग परक्या जंतूंना तेथे पाय रोवणे कठीण जाते. तेच रेंगाळले, तर मालक झोपलेल्या घरात शिरावे तसे आंबट करणारे जंतू आत शिरतात. अर्धवट आंबलेला माल बाटलीत भरला, तर आणखी एक संकट असते. फाल्गुनात ऊन तापू लागले की उरलेल्या साखरेवर यीस्ट पुन्हा जागे होते, आणि बंद बाटलीत वायू कोंडून बाटल्या फुटतात. हिवाळ्याची चूक अशी उन्हाळ्यात आवाज करते.

आता एक विलक्षण गोष्ट पाहा. बीअरच्या इतिहासात हिवाळा हा शत्रू नव्हता, तो मित्र होता. १५५३ साली जर्मनीतील बव्हेरियाच्या पाचव्या आल्ब्रेख्त या ड्यूकने असा हुकूम काढला की, २३ एप्रिलपासून २९ सप्टेंबरपर्यंत कोणी बीअर करू नये. उन्हाळ्यात केलेली बीअर बिघडे, म्हणून ती हिवाळ्यात करावयाची आणि थंड तळघरांत मुरवावयाची. १८७० नंतरच्या दशकात कार्ल फॉन लिंडे याने म्यूनिकच्या बीअरशाळांसाठी शीतयंत्र सिद्ध केले, आणि मग ऋतूचे हे बंधन सुटले. आपल्या देशातही इंग्रजांनी बीअरसाठी थंड हवाच शोधली. एडवर्ड डायरने कसौलीच्या डोंगरात बीअरशाळा काढली, आणि मीकिन याने पुढे डलहौसी, चक्राता, राणीखेत अशा थंड ठिकाणी आपले कारखाने थाटले. त्याचा एक कारखाना आपल्या पुण्याजवळ खडकीलाही होता, पण तो पलटणीच्या सोयीसाठी असावा, हवेच्या सोयीसाठी खास नव्हे.

मग ज्या थंडीच्या मागे इंग्रज डोंगर चढून गेला, तीच थंडी माझ्या विद्यार्थ्याच्या दारी आपण होऊन आली असता त्याचे दिवाळे का निघावे? याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण आमच्या हवेचे. बव्हेरियातील तळघरात थंडी असते, पण ती स्थिर असते. आमच्या माळव्यात पहाटे पारा सात-आठ अंशांवर असतो आणि दुपारी पंचविसावर चढतो. एकाच दिवसात हिवाळाही येतो आणि उन्हाळाही. माणूस सकाळी स्वेटर घालतो व दुपारी काढतो, टाकीला तसे करता येत नाही. त्यातून त्याच्या जागेवर पत्र्याचे छप्पर आणि खाली शहाबादी फरशी. दिवसा छप्पर तापते, रात्री फरशी टाकीची ऊब शोषून घेते. यीस्टला थोडी थंडी एक वेळ सोसते, पण दिवसातून दोनदा हवा बदलणे सोसत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते मला स्वतःलाच कागदावर आकडे मांडल्यावर नीट कळले. साखर आंबताना उष्णता निर्माण होते. बीअरच्या काढ्यात जेवढी साखर असते, ती सारी आंबली आणि त्यातली ऊब मुळीच बाहेर गेली नाही, तर तो काढा सुमारे दहा अंशांनी तापेल. म्हणजे प्रत्येक टाकीच्या पोटात तिची स्वतःची शेगडी असते. प्रश्न एवढाच की, ती ऊब टिकते किती? एक घनाकार टाकी घ्या. तिची बाजू अर्धा मीटर असेल तर तीत १२५ लिटर द्रव मावतो, आणि तिचा सर्व बाजूंचा पृष्ठभाग दीड चौरस मीटर भरतो. आता बाजू दोन मीटर करा. द्रव होतो ८००० लिटर, म्हणजे चौसष्टपट, पण पृष्ठभाग होतो २४ चौरस मीटर, म्हणजे फक्त सोळापट. ऊब निर्माण होते ती द्रवाच्या प्रमाणात, आणि बाहेर निसटते ती पृष्ठभागाच्या प्रमाणात. म्हणून लहान टाकीतील प्रत्येक लिटर मोठ्या टाकीतील लिटरपेक्षा चौपट उघडा असतो.

याचा अर्थ असा की, मोठ्या कारखान्याला थंडी वाजतच नाही. ऐन जानेवारीत त्याला आपल्या टाक्या थंड कराव्या लागतात. याच्या उलट, पाचशे लिटरांचा धनी कुडकुडत बसतो. माझ्या विद्यार्थ्याने मोठ्या कारखान्यांची पुस्तके वाचून आपला सारा पैसा शीतयंत्रात घातला होता. टाकीभोवती गार पाणी फिरविण्याची सोय होती. तिला ऊब देण्याची सोय करावी, असे कोणी त्याला सांगितले नव्हते, आणि त्यालाही सुचले नव्हते. त्याला खरी थंडी बाधली ती आपल्या लहानपणाची.

मी त्याला हे आकडे समजावून देत होतो, इतक्यात त्याची आई त्याला जेवायला बोलवायला आली. आमचे सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, “अरे, थंडीत दह्याला विरजण लावलं की आपण भांडं दुलईत गुंडाळतो, नाही तर धान्याच्या कोठीत ठेवतो. विरजणही चमचाभर जास्त घालतो. तुझ्या त्या टाकीला कोण दुलई घालतं?”

श्रोतेहो, मी अठ्ठावीस वर्षे शास्त्र शिकविले, पण एवढा नेमका धडा माझ्या हातून झाला नव्हता. वहीत आम्ही जे उपाय टिपले, ते सारे या माउलीच्या वाक्यांचाच विस्तार होते. विरजण जास्त, म्हणजे यीस्ट नेहमीच्या दुपटीने घालावयाचे, आणि तेही आधी थोड्या कोमट काढ्यात जागे करून. टाकीत काढा भरताना तो थेट बाविसावर भरावयाचा, म्हणजे पहिल्या रात्रीची शिदोरी त्याच्याजवळ राहते. फरशीवरून टाकी उचलून लाकडी फळ्यांवर ठेवावयाची. दुलई म्हणून जाड नमदा आणि त्यावर थर्मोकोल. खोलीत पडदे लावून टाक्यांपुरती एक लहान कोठी करावयाची. आणि एवढ्यानेही भागले नाही, तर टाकीच्या कमरेला विजेचा उबदार पट्टा, पण पारा ठरल्या जागी आला की आपोआप बंद होणारा. फाजील ऊबही घातक असते. तिने यीस्ट उतावळे होते आणि चवीत उग्रपणा उतरतो.

“आणि थंडीतच होणारी लागर केली तर?” मी विचारले.

तो हसला. “सर, ती करायची तर टाकी पाच-सहा आठवडे अडकून पडते. तीन टाक्यांतली एक दीड महिना अडवली, तर हप्ता कुठून भरू?”

येथेही पुन्हा लहानपण आडवे आले. मोठ्या कारखान्याला एक टाकी दीड महिना मुरत ठेवणे जड नाही. लहान माणसाला वाट पाहणे हीच सर्वांत महाग वस्तू असते. परवान्याचे शुल्क वर्षाचे असते आणि ते वर्ष ३१ मार्चला संपते. जागेचे भाडे आणि कर्जाचे व्याज टाकी निजली म्हणून थांबत नाहीत. जी गोष्ट उबेची, तीच खर्चाची. माल वाढतो त्या मानाने हे खर्च वाढत नाहीत, म्हणून लहानाच्या प्रत्येक लिटरवर त्यांचा भार अधिक पडतो.

असे असूनही लहानांनी ही वाट चोखाळलेली आहे. २००९ साली सुकेतु तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी पुण्यात ‘डूलाली’ ही लहान बीअरशाळा काढली. भारतातील या प्रकारची ती पहिली मानली जाते. ऑलिव्हर शाउफ हा जर्मन कारागीर त्यांच्याबरोबर होता. त्यानंतर पुणे, मुंबई, बंगळूर येथे आणि पुढे आमच्या इंदुरातही अशा शाळा निघाल्या. पुण्यातच मध आंबवून पेय करणारी मंडळीही उभी राहिली. शहरातील या मंडळींना भांडवल मिळाले, यंत्रे मिळाली, परदेशी जाणकार मिळाले. पण आंबविण्याचा जो धंदा आपल्याकडे त्यांच्याही फार आधीचा आहे, त्याच्या वाट्याला काय आले, तेही पाहिले पाहिजे.

आमच्या खातेगाव-कन्नोदच्या रानात, धारच्या डोंगरांत, झाबुआ-अलीराजपुरात चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले गळतात. बायका-मुले ती वेचतात आणि उन्हात वाळवून वर्षभर ठेवतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. ती फुले पाण्यात भिजवून आंबवावयाची आणि मग भट्टीवर गाळावयाची, ही आदिवासी घरांची जुनी रीत. हा सडवा उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत तयार होतो, पण कडाक्याच्या थंडीत त्याला दुप्पट दिवस लागतात. त्या बायकांजवळ तापमापक नसतो. त्या मडक्यांना गवताचे वेष्टण देतात, मडकी चुलीजवळ सरकवितात, कान लावून बुडबुड ऐकतात, आणि ती थांबून फुले तळाशी बसली म्हणजेच भट्टी पेटवितात. माझ्या विद्यार्थ्याच्या घनतामापकाचे काम त्यांचा कान करतो.

या लहान भांड्यांवर थंडीपेक्षाही कडक हात फिरला तो कायद्याचा. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळणे सरकारच्या ताब्यातील मोठ्या भट्ट्यांकडे खेचले, कारण कर वसूल करावयास एक मोठी भट्टी सोयीची आणि हजार लहान मडकी गैरसोयीची. १८९२ साली तर मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा आला. जे फूल माणसाचे खाणे होते, गुरांचा चारा होते, ते बाळगणे गुन्ह्यासारखे झाले. स्वातंत्र्यानंतरही महाराष्ट्रात फुलांवरचे निर्बंध दीर्घकाळ राहिले, आणि २०२१ साली ते शिथिल झाले. त्याच वर्षी मध्यप्रदेश शासनाने मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून मान्यता देण्याचे जाहीर केले, आणि आदिवासी बचत गटांना ती तयार करण्याची वाट मोकळी केली. अलीराजपूर जिल्ह्यातील गटाची ‘मोंड’ आणि दिंडोरी जिल्ह्यातील गटाची ‘मोहुलो’ ही नावे त्यातून पुढे आली.

यावर कोणी विचारील की, दारू ती दारूच, मग ती गटाने केली काय आणि कारखान्याने केली काय? प्रश्न रास्त आहे. मद्याने होणारा अपाय बचत गटाच्या शिक्क्याने कमी होत नाही, आणि हे धोरण पिणे वाढविण्याचे निमित्त झाले, तर त्याविरुद्ध बोलणाऱ्यांत मी पहिला असेन. पण जोवर समाजात मद्य विकले जाते, तोवर त्याचा पैसा कोणाच्या हाती पडावा, हा दुसरा प्रश्न उरतोच. धार जिल्ह्यात मद्याचे मोठे कारखाने उभे आहेत. त्याच जिल्ह्यात मोह वेचणाऱ्या बाईच्या मडक्यावर मात्र छापा पडत आला. तिच्या हाताला मोजमाप, स्वच्छता आणि कायद्याची मान्यता मिळाली, तर पिणाऱ्याचा जीवही विषारी दारूपासून थोडा अधिक सुरक्षित राहील.

आता ती आकड्यांची गोष्ट पुन्हा आठवा. एका घरची फुले एका मडक्यात आंबतात, तेव्हा प्रत्येक मडके एकटे कुडकुडते. वीस घरांची फुले एका कुंडात पडली, की कुंड मोठे होते आणि आपली ऊब आपण राखते. एका तापमापकाचा, एका तपासनिसाचा, एका परवान्याचा खर्चही वीस घरांत वाटला जातो. प्रवरेच्या काठी १९५० साली शेतकऱ्यांनी आपला साखर कारखाना सुरू केला, त्यामागेही हेच गणित होते. एकेकट्याचे गुऱ्हाळ होते, सगळ्यांचा मिळून कारखाना झाला. मात्र कुंड मोठे झाले म्हणजे त्यावरचा हात परका होऊ देता कामा नये. तसे झाले तर ऊब टिकेल, पण ती फुले वेचणारीच्या वाट्याला येणार नाही.

माझ्या विद्यार्थ्याचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. ती अडलेली टाकी त्याने दुलई पांघरून, पट्टा बांधून आणि नवे जोमदार यीस्ट घालून पुन्हा चालू केली. ती सुटली, पण चव मनासारखी उतरली नाही, म्हणून त्याने ती विकली नाही. या निर्णयाचा मला अभिमान वाटला. पुढच्या हिवाळ्यापूर्वी त्याने आणखी दोघा लहान उद्योजकांशी बोलणे केले. यीस्ट वाढविण्याची एक उबदार कोठी तिघांत मिळून ठेवावी, आणि जाणकार माणसाचा पगार तिघांनी वाटून घ्यावा, असे ठरले. त्या हिवाळ्यात त्याची एकही टाकी गटारात गेली नाही. नफा किती झाला, हे मी विचारले नाही. आईला त्याने नवी दुलई पाठविली, एवढे मला ठाऊक आहे.

थंडी कोणाला चुकत नाही. मोठ्याला ती जाणवत नाही, म्हणून तो थंडीचे शास्त्र लिहिताना लहानाला विसरतो. लहानाने आपले लहानपण ओळखावे, त्याची लाज बाळगू नये, आणि दुलईसाठी शेजाऱ्याला हाक मारावी, एवढेच मला सांगावयाचे होते.